सारायेवो, मोस्तार आणि मधली नेरेत्वा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बाल्कनवर लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती की बोस्नियाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि तुम्ही ते फारच मनावर घेतलंत. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत, काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींची संपता संपत नाहीत, तेव्हा सांभाळून घ्या.

प्रश्न : आम्ही चौघं क्रोएशियाला चाललोय, मुक्काम दुब्रोवनिकला. तिथला टूरवाला म्हणतो एका दिवसात मोस्तार, क्रावित्सा धबधबा आणि वेळ उरला तर सारायेवोसुद्धा दाखवून रात्री परत आणतो. घ्यावी का?

नका घेऊ. सारायेवो "वेळ उरला तर" बघायचं शहर नाहीये हो दादा. नकाशा काढून बघा, दुब्रोवनिक ते मोस्तार साधारण १४० किलोमीटर, त्यात बॉर्डर, आणि उन्हाळ्यात बॉर्डरवर गाड्यांची रांग लागली की ड्रायव्हर खाली उतरून सिगरेट पेटवतो आणि आपण घड्याळ बघत बसतो. मोस्तारपासून सारायेवो अजून १३० च्या आसपास, तोही डोंगरातला रस्ता. म्हणजे जाऊन-येऊन दिवस गाडीतच संपला, पाहिलं काय तर काचेतून नेरेत्वा नदी. ती सुंदर आहे, नाही असं नाही, पण तेवढ्यासाठी पैसे मोजायचे?

आणि दुसरी गोष्ट म्हणजे या डे-ट्रिपच्या बसेस मोस्तारला सगळ्या एकाच वेळेला पोचतात, साडेदहा-अकराला. त्यानंतर चार-साडेचारपर्यंत जुन्या पुलावर पाय ठेवायला जागा नसते, सेल्फी स्टिका एकमेकांच्या डोळ्यात जातात, आणि कुजुंजिलुक म्हणजे तांब्या-पितळेची दुकानं असलेली जी जुनी गल्ली आहे ना, तिथून नुसतं पुढे ढकलले जात राहतो. संध्याकाळी त्या बसेस गेल्या की तोच पूल तुमचा. म्हणून माझं म्हणणं एकच, आणि खाली प्रत्येक उत्तरात तेच घोळून घोळून येणार आहे, की बोस्नियात रात्र काढा. जमलं तर तीन रात्री सारायेवोला, एक मोस्तारला. तेवढं शक्यच नसेल तर सारायेवो यावेळी सोडून द्या आणि मोस्तारला एक रात्र राहा, पण दोन्ही शहरं एका दिवसात कोंबू नका.

प्रश्न : सारायेवोत नेमकं बघायचं काय? फोटोत तर सगळं जुन्या तुर्की बाजारासारखंच दिसतं.

कारण फोटो काढणारे सगळे सेबिल्याच्या त्या लाकडी पाणपोईसमोर, कबुतरांच्या गर्दीत उभे राहतात आणि तिथूनच परत फिरतात! खरं शहर तिथून सुरू होतं. इसा-बेग इशाकोविच या ऑटोमन सुभेदाराने १४६० च्या सुमारास इथे शहर वसवायला घेतलं, मग १५३० च्या आसपास गाझी हुस्रेव-बेगची मशीद उभी राहिली, तिच्याभोवती मदरसा, झाकलेला बाजार, हमाम असं सगळं वाढत गेलं. हा भाग म्हणजे बाश्चार्शिया. मशिदीशेजारी घड्याळाचा मनोरा आहे, वर बघाल तर वेळ चुकलेली वाटेल, आजूबाजूचे पर्यटक हमखास आपला मोबाईल आणि ते घड्याळ आळीपाळीने बघत असतात. घड्याळ बरोबर आहे. ते जुन्या पद्धतीने चालतं, सूर्य मावळला की त्यात १२ वाजतात, आणि सूर्यास्त रोज थोडा सरकतो म्हणून ते अधूनमधून हाताने लावून घ्यावं लागतं, त्यासाठी माणूस नेमलेला असतो.

तिथून फेरहादिया रस्त्याने सरळ पश्चिमेकडे चालत सुटा. एका ठिकाणी जमिनीत आडवी पट्टी आहे, तिच्यावर उभं राहून पूर्वेला तोंड केलं की बुटकी, कौलारू दुकानं आणि मिनार, आणि पश्चिमेला वळलात की थेट व्हिएन्ना, उंच खिडक्या, बाल्कन्या, भिंतींवर प्लास्टरची नक्षी. १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने इथला ताबा घेतला आणि पुढच्या काही वर्षांत हा सगळा भाग बांधून काढला. ट्रामसुद्धा त्यांनीच आणली, १८८५ मध्ये, तेव्हा ती घोडे ओढायचे. थोडंसं अजून इकडेतिकडे फिरलात की १५८१ चं जुनं सिनेगॉग, जुनं ऑर्थोडॉक्स चर्च आणि १८८९ चं कॅथलिक कॅथेड्रल, सगळं पायी दहा-पंधरा मिनिटांच्या आत. स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू इथवर येऊन राहिले, त्यांनी सोबत आणलेली चित्रांची हस्तलिखित पोथी, सारायेवो हगादा, आजही इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझी ती उचलून न्यायला आले तेव्हा संग्रहालयातल्या मुस्लिम ग्रंथपालाने, देर्विश कोरकुत त्यांचं नाव, ती लपवून वाचवली.

आणि मग नदीकाठ. मिल्यात्स्का म्हणजे नदी कसली, उन्हाळ्यात घोटाभर पाणी. पण तिच्या काठावर वियेच्नित्सा आहे, १८९६ चा टाऊन हॉल, पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचा, आणि तिथून सात-आठ मिनिटं चाललं की लॅटिन पूल. हे अंतर पायी चालाच. २८ जून १९१४ ला ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड सकाळी याच रस्त्याने आला, वाटेत त्याच्या गाडीवर बॉम्ब टाकला गेला, तो वाचला, टाऊन हॉलमध्ये जाऊन त्याने स्वागताची भाषणं ऐकली (मूड कसा असेल विचार करा), बाहेर पडला, ड्रायव्हर नको त्या वळणावर वळला, गाडी मागे घ्यायला थांबली आणि समोर गाव्रिलो प्रिन्सिप उभा. पुढचं शाळेत शिकलोय, त्याने गोळ्या झाडल्या आणि त्यातून पहिलं महायुद्ध पेटलं. कोपऱ्यावर छोटं म्युझियम आहे, पाहिलं नाही तरी चालेल, तो कोपरा मात्र बघा, इतका साधा आहे की विश्वास बसत नाही.

वियेच्नित्साच्या समोर नदीपलीकडे एक जुनं घर आहे, इनात कुचा. टाऊन हॉल बांधायचा म्हणून मालकाला घर पाडायला सांगितलं, तो ऐकेना, शेवटी अट घातली की माझं घर दगडनदगड उचलून पलीकडच्या काठावर जसंच्या तसं बांधून द्या. आणि दिलं बांधून! आता तिथे रेस्टॉरंट आहे.

प्रश्न : मुलं १० आणि १४ वर्षांची आहेत. युद्धाच्या खुणा सगळीकडे आहेत असं ऐकलंय. मुलांना घेऊन जाणं योग्य का? आपणही सुट्टीवर असं काही बघून उदासच होऊ ना?

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण शहर उदास नाहीये. संध्याकाळी फेरहादियावर अख्खं गाव फिरायला बाहेर पडलेलं असतं, कॅफे भरलेले, आइस्क्रीमला रांगा. आणि त्याच फरसबंदीवर चालता चालता पायाखाली एक लाल डाग दिसतो. आधी वाटतं रंग सांडलाय. मग वाकून बघितलं की कळतं, मधे एक खळगा आणि त्याच्या भोवती पंजा आपटल्यासारखे ओरखडे, सिमेंटमध्ये खोल गेलेले, आणि त्यात लाल राळ भरलेली. तोफगोळा पडून जिथे माणसं गेली तिथल्या या खुणा, त्यांना सारायेवोची गुलाबं म्हणतात. त्यांना ना रेलिंग ना दिवे, लोक बाजूने चालत असतात, काही ठिकाणी लाल रंग झिजून फिकटही झालाय. मुलं विचारतीलच हे काय आहे. सांगा.

बोस्नियाच्या युद्धात शहराला वेढा पडला होता तो एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, १,४२५ दिवस. आजूबाजूच्या डोंगरांवर बोस्नियन सर्ब सैन्याच्या तोफा आणि स्नायपर, खाली वाटीत शहर. २०१२ मध्ये मुख्य रस्त्यावर ११,५४१ रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या, गेलेल्या प्रत्येकासाठी एक, लहान मुलांसाठी लहान खुर्च्या. मी वर ज्या वियेच्नित्साचं कौतुक केलं ती तेव्हा राष्ट्रीय ग्रंथालय होती, ऑगस्ट १९९२ मध्ये गोळे टाकून जाळली, लाखो पुस्तकं गेली, इमारत परत उभी करून उघडायला २०१४ उजाडलं.

मुलांसाठी वॉर चाइल्डहुड म्युझियम सगळ्यात चांगलं. २०१७ मध्ये सुरू झालं, लहानसंच आहे, वेढ्यात वाढलेल्या मुलांनी दिलेल्या वस्तू आणि प्रत्येकीखाली त्या मुलाच्याच शब्दांत दोन-चार ओळी. रक्त नाही, प्रेतं नाहीत. दहा वर्षांचं मूलही नीट समजून घेतं, उलट आपणच रुमाल शोधतो. बोगदाही दाखवा, विमानतळाजवळ बुटमिरला. १९९३ मध्ये एका घराखालून सुरू करून धावपट्टीच्या खालून साधारण ८०० मीटर खणला, उंची मोठ्या माणसाला वाकून चालावं लागेल इतकीच, आणि त्यातून पीठ, औषधं, जखमी माणसं, सगळं ये-जा करायचं. आता त्याचा थोडासाच तुकडा चालायला उघडा आहे. घराच्या भिंतीवरचे गोळ्यांचे खड्डे तसेच ठेवलेत.

कॅथेड्रलजवळची स्रेब्रेनित्साच्या हत्याकांडावरची गॅलरी मात्र दहा वर्षांच्या मुलाला नको. चौदाच्या मुलाचं तुम्ही ठरवा.

आणि हो, वेटरला किंवा टॅक्सीवाल्याला "तुम्ही सर्ब की मुस्लिम" असं विचारू नका. आपल्या लोकांना सवय असते सरळ विचारायची. तो स्वतःहून बोलला तर ऐकून घ्या.

प्रश्न : आईवडील सोबत आहेत, दोघांचे गुडघे दुखतात. जमेल का?

बाश्चार्शिया, फेरहादिया, नदीकाठ, सगळं सपाट आहे, आरामात जमेल. चढ आहे तो जुन्या मोहल्ल्यांत, तिथे रस्ते असे उभे आहेत की आमच्यासारख्या चांगल्या गुडघेवाल्यांचीही फेफे उडते. पिवळा किल्ला, म्हणजे झुता ताबिया, तिथे सूर्यास्त बघायला सगळे जातात, पायी न जाता टॅक्सी करा, मीटरने घेतात आणि अंतर अगदी थोडं आहे. त्रेबेविच डोंगराची केबल कार तर आईवडिलांसाठीच आहे असं समजा. १९५९ मध्ये सुरू झालेली, युद्धात उद्ध्वस्त झाली, २०१८ मध्ये परत चालू केली, सात-आठ मिनिटांत वर. परदेशी लोकांना तिकीट स्थानिकांपेक्षा बरंच महाग आहे, त्यावर वाद घालत बसू नका. खालच्या स्टेशनपर्यंतही चढ आहे, तेव्हा तिथवर टॅक्सी. वर गेल्यावर झाडीत १९८४ च्या हिवाळी ऑलिम्पिकचा बॉबस्लेचा काँक्रीटचा ट्रॅक आहे, वळणावळणाचा, सगळा ग्राफिटीने भरलेला, मुलं त्यावरून चालत खाली जातात. आईवडिलांना वर कॉफी घेऊन बसवा.

व्रेलो बोस्नेलाही न्या. बोस्ना नदी तिथे डोंगराच्या पायथ्यातून एकदम बाहेर पडते, थंडगार पाणी, हंस, झाडं. ३ नंबरची ट्राम इलिजापर्यंत जाते, पुढे साडेतीन किलोमीटर दुतर्फा झाडांचा सरळ रस्ता, तिथे घोडागाडी मिळते.

मोस्तारचा पूल मात्र सांभाळून. मधे उंच, दोन्हीकडे उतार, आणि दगड इतके गुळगुळीत झालेत की चपला घालून गेलात तर काही खरं नाही. आडव्या दगडी पट्ट्या दिल्यात पाय अडकवायला, त्यांवरूनच चाला, कठडा धरून. पावसात नकोच.

प्रश्न : शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण कंटाळाल. चेवापी, म्हणजे छोटे कबाब, गल्लोगल्ली तेच आणि वास सुटलेला. तुमचा आधार म्हणजे पिता, पातळ पारीत सारण भरून गुंडाळून भाजलेली. मागताना नाव घेऊन मागा : सिर्नित्सा चीजची, झेल्यानित्सा पालक-चीजची, क्रोम्पिरुशा बटाट्याची. नुसतं बुरेक म्हणालात तर बहुतेक बीफचं येणार, इथे बुरेक म्हणजे मांसाचंच. चांगल्या दुकानात मोठ्या गोल पत्र्याखाली निखाऱ्यांवर भाजतात, आणि वजनावर देतात, वरून दही ओततात, नको असेल तर आधीच सांगा. "ने येदेम मेसो" म्हणजे मी मांस खात नाही, हे एवढं पाठ करा. राजम्यासारख्या घेवड्याची भाजी मिळते, ग्राह, पण त्यात बहुतेक वेळा स्मोक्ड मांसाचा तुकडा असतो, तेव्हा विचारल्याशिवाय तोंडाला लावू नका. सोमून म्हणजे गरम पाव, त्यावर कायमाक म्हणजे घट्ट साय, आणि आयवार ही भाजलेल्या लाल ढोबळी मिरचीची चटणी, यावर एक वेळचं जेवण सहज होतं. गोडात तुफाहिया घ्या, आक्रोड भरलेलं शिजवलेलं सफरचंद.

कॉफीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. तांब्याच्या तबकात येते, लांब दांड्याची जेझवा म्हणजे कॉफीचं भांडं, बिनकानाचा छोटा कप, साखरेचे खडे आणि एक लोकुम, म्हणजे मऊ तुर्की मिठाई. वरचा फेस आधी चमच्याने कपात घ्यायचा, मग हळूहळू कॉफी ओतायची, गाळ खाली राहू द्यायचा. साखर कपात टाकत नाहीत, खड्याचं टोक कॉफीत बुडवून दातांनी तोडतात आणि वर घोट घेतात. एका कपाला तासभर बसलात तरी कोणी उठवत नाही. आत बसलात तर सिगरेटचा धूर असू शकतो, त्यामुळे बाहेरचं टेबल बघा.

प्रश्न : सारायेवोहून मोस्तारला बस की ट्रेन?

ट्रेन! दिवसाला मोजक्याच आहेत, आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन वेळ विचारून या, साधारण दोन तासांचा प्रवास. इवान खिंडीच्या खालच्या बोगद्यापर्यंतचं पाणी काळ्या समुद्राकडे जातं आणि बोगद्यातून बाहेर आलात की सगळं एड्रियाटिककडे. त्यानंतर ब्रादिनाहून गाडी मोठमोठी वळणं घेत खाली कोन्यिचला उतरते, आत्ता आपण ज्या रुळांवरून आलो ते वरच्या डोंगराला चिकटलेले दिसतात, मग नेरेत्वा सोबतीला येते, हिरवी म्हणजे अशी हिरवी की फोटो बघून घरचे म्हणतात एडिट केलाय. खिडकी कुठली घेऊ असं दोघांनी विचारलंय, नदी बाजू बदलत राहते, गाडी भरलेली नसेल तर तुम्हीही बदला.

वेळ असेल तर कोन्यिचला उतरा. युगोस्लावियाचा अध्यक्ष टिटो याच्यासाठी अणुयुद्धाच्या भीतीने डोंगरात खणलेला बंकर आहे, १९५३ ते १९७९ इतकी वर्षं गुपचूप काम चाललं, ३५० माणसं आत राहू शकतील असा. गाईडबरोबरच सोडतात, आधी बुकिंग करा, आणि आत उन्हाळ्यातही गार असतं.

मोस्तारचा पूल १५६६ चा, हायरुद्दीन नावाच्या वास्तुकाराने बांधलेला. ९ नोव्हेंबर १९९३ ला बोस्नियन क्रोएट सैन्याने तोफा डागून पाडला, २३ जुलै २००४ ला परत बांधून उघडला, त्याच भागातला तसाच फिकट दगड वापरून. वरून उड्या मारणारी मुलं दिसतील. कठड्यावर चढून हात पसरतो, आता मारणार, आता मारणार, सगळे कॅमेरे वर, आणि तो खाली उतरून टोपी फिरवतो. पुरेसे पैसे जमल्याशिवाय कोणी उडी मारत नाही! पाणी बर्फासारखं आहे आणि उंची २० मीटरच्या वर, तेव्हा त्यांचं बरोबरच आहे. तुम्ही हा प्रकार करू नका. फोटोसाठी कोस्की मेहमेद-पाशा मशिदीच्या मिनारावर चढा, जिना अरुंद आहे.

आसपास ब्लागाय बारा किलोमीटरवर, बुना नदी उभ्या कड्याखालच्या गुहेतून निघते आणि तिथेच पाण्याला लागून दर्विशांचा म्हणजे सूफी फकिरांचा जुना मठ आहे, सकाळी लवकर गेलात तर शांत. पोचितेल हे डोंगरावर चढत गेलेलं दगडी गाव, सुंदर, पण उन्हात पायऱ्या जीव काढतात. क्रावित्साला जुलै-ऑगस्टमध्ये जत्रा असते. तिघांतलं एकच निवडायचं तर ब्लागाय.

प्रश्न : व्हिसा आणि पैसे?

भारतीय पासपोर्टला बोस्नियाचा व्हिसा लागतो, पण वैध मल्टिपल एन्ट्री शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणारा) किंवा अमेरिकेचा व्हिसा असेल तर त्यावर थोड्या दिवसांसाठी आत सोडतात. नियम बदलतात, निघण्याआधी वकिलातीकडून खात्री करून घ्याच. लोक अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी : क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, बोस्निया नाही, म्हणजे दुब्रोवनिकहून मोस्तारला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, सिंगल एन्ट्री असेल तर परत दुब्रोवनिकला येता येणार नाही, आणि परतीचं विमान तिथून असतं!

चलन कन्व्हर्टिबल मार्क, युरोशी बांधलेलं, १ युरोला १.९५५८३ मार्क, म्हणजे हिशेबाला दोन धरा. छोट्या दुकानांत रोखच लागतं. उरलेले मार्क तिथेच संपवून या, देशाबाहेर ते बदलून देणारा सहसा भेटत नाही.

प्रश्न : एकटी मुलगी, ट्रेकिंगची आवड आहे. सुरुंगांचं काय?

शहरात काही प्रश्न नाही, रात्रीसुद्धा लोक असतात, नेहमीची काळजी घे. डोंगरात मात्र खुणा केलेली वाट सोडायची नाही, फोटोसाठी नाही आणि बाथरूमसाठीही नाही. लाल पाटीवर कवटी दिसली की मागे फिर. पडक्या घरांत शिरू नकोस. ब्येलाश्नित्सा डोंगरावरच्या लुकोमिर गावाला जायचं असेल तर स्थानिक गाईड घे, गाव सुंदर आहे, हिवाळ्यात रस्ता बर्फाने बंद होतो.

प्रश्न : कुठल्या महिन्यात जावं?

मे, जून, सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये मोस्तार भाजून काढतं, ४० च्या वर पारा जातो. ऑगस्टमध्ये सारायेवोत फिल्म फेस्टिव्हल असतो, तो वेढा संपायच्या आधीच १९९५ मध्ये सुरू झाला, तेव्हा हॉटेलं आधी बघून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत बर्फ छान पण शहर वाटीत असल्याने धूर वर जात नाही, दम्याचा त्रास असेल तर नको.

प्रश्न : सारायेवोहून पुढे विशेग्राद आणि बेलग्रेडला जायचंय, मुख्य स्टँडवर बसच सापडत नाही म्हणतात?

कारण त्या बहुतेक बसेस तिथून सुटतच नाहीत. पूर्व सारायेवोचा वेगळा स्टँड आहे, लुकावित्साला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, रेपुब्लिका स्र्प्स्काच्या म्हणजे बोस्नियातल्याच सर्बबहुल भागाच्या हद्दीत, पाट्या सिरिलिक लिपीत. टॅक्सीवाल्याला नुसतं "बस स्टेशन" म्हणालात तर तो मुख्य स्टँडवर नेऊन सोडेल, तेव्हा लुकावित्सा असं स्पष्ट सांगा आणि अर्धा तास हाताशी ठेवा. विशेग्रादला मेहमेद-पाशा सोकोलोविचचा १५७७ चा अकरा कमानींचा पूल बघून त्याच दिवशी पुढे जायचा बेत असेल तर पुढची बस किती वाजता आहे ते तिथे उतरल्या उतरल्या विचारा, पूल कुठे जात नाही.